फिल फ्लॅश
भर उन्हात व्यक्तिचित्र टिपताना चेहऱ्यावरील सावल्या उजळणारा पूरक प्रकाश. सूर्य माथ्यावर असला की डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली व हनुवटीखाली गडद सावली पडते. व्यक्तीला सूर्याकडे पाठ करून उभे केल्यास डोळे किलकिले होत नाहीत, केसांना उजळ कड मिळते. चेहरा फ्लॅशने उजळता येतो. खरी अडचण शटरची. पडदा-शटरच्या बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश साधारण १/२०० ते १/२५० सेकंदापर्यंतच जुळतो. आयएसओ १०० व १/२०० सेकंदाला लख्ख उन्हात छिद्र एफ/११च्या आसपास ठेवावे लागते आणि पार्श्वभूमी हवी तशी धूसर होत नाही. त्यावर उपाय प्रकाश घटवणारा एनडी फिल्टर किंवा याहून वेगवान शटरशी फ्लॅश जुळवणारे हाय-स्पीड सिंक. दुसऱ्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते. फ्लॅशचे व्यक्तीपासूनचे अंतर दुप्पट झाल्यास प्रकाश चौथाई उरतो, म्हणून फ्लॅश जवळ आणावा. तो भोवतालच्या उजेडापेक्षा एक-दीड स्टॉप मंद ठेवलेला उत्तम.