जुवारीपलीकडचे देव

गोव्यातल्या कुठ्ठाळीचा मंगेश 1560 च्या सुमारास जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. कारण ही जुनी गावे ज्या साष्टीत होती, तिथे पोर्तुगीज देवळे पाडत होते. ही कथा बहुधा भक्तीच्या जोरावर सांगितली जाते. पण नुसत्या भक्तीने देव वाचले असते, तर तिसवाडीतली 1540 ची पाडापाड टळली असती. देव वाचले ते महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, संघटनेमुळे. मूर्ती हलवली की काम संपत नाही. नव्या जागी जमीन हवी, पूजा-नैवेद्य रोजचा हवा, आणि जुन्या गावची देवस्थान-शेते तर गेलेली. हा भार वर्गणी, दाने आणि देवस्थानाशी बांधलेल्या कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या उचलला.

यावर कुणी म्हणेल, खरा आधार राजसत्तेचा. त्यात तथ्य आहे: अंत्रुज, म्हणजे देव जिथे आले तो फोंड्याचा भाग, तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हे, आदिलशाहीत होते, आणि कवळ्याचे आजचे देऊळ अठराव्या शतकात साताऱ्याच्या छत्रपती शाहूंच्या काळात उभे राहिले. पण मधली पावणेदोनशे वर्षे? त्यातला बहुतेक काळ मराठी दरबार पाठीशी नव्हता; देव मात्र पूजेत होते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ज्यांच्याकडे पैसा आणि ओळखी, त्यांचेच देव तरले. तो मान्य करावाच लागतो. प्रियोळच्या मंगेशी देवळाच्या सातमजली दीपस्तंभाकडे पाहताना दिसते ते पुढे आलेले वैभव. साष्टीतल्या कितीतरी लहान ग्रामदेवतांना मात्र नवे घर मिळालेच नाही.