पैसा फंड ते तारापूर : उजेडाचा खर्च कोणी सोसला?



विरार स्टेशनाच्या पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी फुलपाडा नावाची वस्ती आहे. आज तेथे इमारतींची दाटी झाली असली, तरी नावातला ‘पाडा’ हा शब्द तिचे मूळ रूप विसरू देत नाही. १९३६ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची विजेची गाडी बोरिवलीच्या पुढे सरकून विरारला येऊन ठेपली. गाडीला वीज मिळाली म्हणून रुळांपलीकडच्या पाड्यांना ती मिळाली, असे मात्र झाले नाही. कोकणपट्टीतल्या बहुतेक घरांतून पुढेही कित्येक वर्षे दिवेलागणीला कंदिलाची काच राखेने पुसून वात लावण्याचा क्रम चालूच होता. आणि याच रेल्वेने विरारहून उत्तरेकडे सुमारे तासाभराच्या वाटेवर बोईसर लागते. तेथून समुद्राकडे वळले की तारापूरचे अणुवीजकेंद्र. कंदिलापासून अणूपर्यंतचा हा प्रवास विज्ञानाचा म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. आज मी तो पैशाच्या बाजूने सांगणार आहे. नवी विद्या हस्तगत करावयाची तर प्रथम कोणीतरी पदरचे घालावे लागते. ती विद्या फळास येईल की नाही हे तेव्हा कोणासही ठाऊक नसते. हे घालणारे हात आपल्याकडे कोणाचे होते?

पहिला हात अगदी सामान्य माणसाचा होता. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांच्या मनात एक साधी कल्पना आली : माणशी एक पैसा जमवावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. पैसा देणारा गरीब असला तरी चालेल, किंबहुना तो गरीबच असावा, कारण श्रीमंतांच्या देणगीने कारखाना उभा राहील, पण त्या कारखान्याविषयी देशाला ममत्व वाटणार नाही, असा त्या कल्पनेचा इत्यर्थ होता. काळे गावोगाव हिंडले. लोकमान्य टिळकांनी आपले वजन या उपक्रमाच्या पाठीशी घातले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला. काचेचे शिक्षण परदेशी, जपानात, घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे तांत्रिक बाजू होती.

काचच का, असा प्रश्न साहजिक आहे. बांगडी, बाटली, दिव्याची चिमणी या सर्व वस्तू तेव्हा बाहेरून येत, आणि त्यांवाचून कोणाचेच चालत नसे. परंतु तळेगावच्या कारखान्याचे खरे महत्त्व त्याने किती माल विकला यात नाही. व्यापारी दृष्टीने त्याला पुष्कळ अडचणी सोसाव्या लागल्या. महत्त्व यात आहे की, तो कारखाना मुळात शाळा होता. भट्टीचा ताप कसा राखावा, रसात काय किती मिसळावे, फुंकनळी कशी धरावी, हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. ते तेथे विद्यार्थ्यांना मिळाले, आणि तेथे शिकलेली माणसे देशातल्या निरनिराळ्या काचकारखान्यांत गेली. १९१६ साली कराडनजीक औंध संस्थानाच्या हद्दीत ओगले बंधूंनी कारखाना काढला. त्याचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रात इतका रूढ झाला की, कित्येक घरी कंदील म्हणजे प्रभाकरच. पैशापैशाच्या वर्गणीने जी काचविद्या या भूमीत रुजली, तिचा उजेड असा ओसरीवर पडला.

याच सुमारास लोणावळ्याच्या घाटात दुसरी थैली उघडली जात होती. पावसाचे पाणी अडवून त्यापासून वीज काढावी आणि मुंबईच्या गिरण्यांना ती द्यावी, ही जमशेटजी टाटांची आकांक्षा त्यांच्या पश्चात मूर्त झाली. १९१० साली कंपनी नोंदली गेली. भांडवल येथेच उभे राहिले, आणि त्यात संस्थानिकांचा मोठा भाग होता. १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. ही थैली धनिकांची. तिला व्याज हवे होते, आणि ते मिळालेही. परंतु या विजेचा एक खर्च कंपनीच्या ताळेबंदात कधी दिसला नाही. मुळशीच्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या पिढीजात जमिनी जाणार हे ठरले, तेव्हा १९२१ साली तेथे सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. लढा फसला, धरण झाले. उजेडाचा खर्च भागधारकाने सोसला असे म्हणताना मावळातला शेतकरी विसरून चालणार नाही. ही गोष्ट येथे सांगून ठेवतो. पुढे तारापूरला ती पुन्हा भेटणार आहे.

सरकारी तिजोरी या सगळ्यात कोठे होती? दुसरे महायुद्ध पेटेपर्यंत ती जवळजवळ अलिप्तच होती. युद्धामुळे विलायतेचा माल येईनासा झाला, तेव्हा राज्यकर्त्यांना हिंदी शास्त्रज्ञांची आठवण झाली. १९४० च्या एप्रिलमध्ये शास्त्रीय व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाले. शांतिस्वरूप भटनागर त्याचे सूत्रधार होते आणि रामस्वामी मुदलियार अध्यक्ष. १९४१ साली मध्यवर्ती विधिमंडळाने औद्योगिक संशोधनासाठी पाच वर्षे दरसाल १० लाख रुपयांचा निधी मान्य केला, आणि १९४२ च्या सप्टेंबरात आजही नांदत असलेली शास्त्रीय व औद्योगिक संशोधन परिषद जन्मास आली. अवाढव्य देशाला दरसाल १० लाख ही रक्कम किती तोकडी! तथापि पायंडा पडला. संशोधन ही राष्ट्राने खर्च करण्याची बाब आहे, हे तत्त्व अंदाजपत्रकात शिरले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा याच परिषदेची. पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी तिचे उद्घाटन झाले. तिच्या उभारणीतही टाटा विश्वस्तनिधीची मोठी देणगी होती, म्हणजे खाजगी थैली अद्याप बंद झाली नव्हती.

अणुसंशोधनाची सुरुवातही अशीच मिश्र पैशावर झाली. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा निधीकडे पत्र धाडून मूलभूत पदार्थविज्ञानाची संस्था मागितली. १९४५ साली ती निघाली. टाटा निधी, मुंबई सरकार आणि हिंदुस्थान सरकार अशा तिघांनी तिचा भार उचलला. त्यानंतर मात्र चित्र झपाट्याने पालटले. १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुशक्ती आयोग नेमला गेला. भाभा, भटनागर आणि के. एस. कृष्णन असे तीनच सदस्य. ३ ऑगस्ट १९५४ रोजी स्वतंत्र अणुशक्ती खाते निघाले, तेही थेट पंतप्रधानांच्या हाताखाली, आणि त्याचे सचिव भाभाच.

यातली खुबी १९५८ च्या सरकारी ठरावात आहे. इतर खात्यांना पैशाकरिता अर्थखात्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. अणुशक्ती आयोगाला मात्र या ठरावाने, संसदेने मंजूर केलेल्या रकमेच्या मर्यादेत, प्रशासनाचे आणि खर्चाचे पूर्ण अधिकार दिले, आणि अर्थविषयक सदस्य आयोगातच बसविला. खर्चाला होकार देणारा व खर्च करणारा एकाच मेजाभोवती बसू लागले, आणि ते मेज दिल्लीत नव्हे, मुंबईत होते. तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी मात्र या ठरावाच्या आधीच, १९५६ च्या ऑगस्टमध्ये चालू झाली होती. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : जेथे पैसा सहज मिळतो व कामकाज गुप्त राहते, तेथे चूक झाली तर विचारणारा कोण? पैसा फंडाचा वर्गणीदार निदान तळेगावला जाऊन भट्टी पाहू शकत होता.

आता तारापूर. वसईच्या मोहिमेच्या बखरी वाचणाऱ्यांना हे नाव परके नाही. चिमाजी आपांच्या फौजांनी १७३९ साली येथला पोर्तुगीज किल्ला घेतला. अणुवीजकेंद्रासाठी ही जागा निवडण्याचे कारण कोळशात होते. कोळशाच्या मोठ्या खाणी बिहार-बंगालकडे, आणि वीज हवी मुंबई-गुजरातेत. शेकडो मैल कोळसा वाहून आणण्यापेक्षा अणुवीज स्वस्त पडेल, हा भाभांचा युक्तिवाद होता. शिवाय यंत्रे थंड करण्यास समुद्र जवळच. परंतु भाभांची मूळ योजना तीन टप्प्यांची, देशी युरेनियमपासून आरंभ करून केरळच्या वाळूतील थोरियमपर्यंत जाणारी होती, आणि तारापूर त्या योजनेत बसतच नव्हते! येथली भट्टी समृद्ध युरेनियमवर चालणारी, आणि तसे युरेनियम आपल्याजवळ नव्हते. मग ती का घेतली? जगभरच्या कंपन्यांकडून निविदा मागविल्या, तेव्हा अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची बोली सरस ठरली, आणि तिच्यासोबत अमेरिकी सरकारचे सुमारे ८ कोटी डॉलरांचे कर्जही आले. कर्जाची मुदत दीर्घ, व्याज शेकडा एकाहूनही कमी. असे कर्ज कोण नाकारील? १९६३ च्या ऑगस्टमध्ये दोन सरकारांचा करार झाला, १९६४ च्या मे महिन्यात कंपनीशी. जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात भाभा गेले. २१० मेगावॅटचे दोन संच १९६९ च्या ऑक्टोबरात चालू झालेले त्यांना पाहता आले नाहीत.

स्वस्त पैशाच्या पोटात गाठ होती. इंधन अमेरिकेनेच पुरवावयाचे होते. १९७४ साली पोखरणला स्फोट झाला, १९७८ साली अमेरिकेने आपला कायदा कडक केला, आणि तारापूरचे इंधन दरवेळी वादाचा विषय होऊ लागले. १९८२ साली फ्रान्सने ती जबाबदारी घेतली. पुढे चीन, रशिया असे पुरवठादार बदलत राहिले. संचांची क्षमताही कमी करून प्रत्येकी १६० मेगावॅटवर आणावी लागली. माझ्या मते, तरीही हा सौदा वाया गेला असे म्हणता येत नाही. परक्याची भट्टी चालविता चालविता, बिघडली तेव्हा दुरुस्त करता करता आपले अभियंते तयार झाले. तळेगावला फुंकनळीने जे शिकविले, तेच येथे घडले. त्याच आवारात २००५ आणि २००६ साली ५४० मेगावॅटचे जे दोन संच चालू झाले, ते संपूर्ण स्वदेशी आराखड्याचे, साध्या युरेनियमवर व जड पाण्यावर चालणारे आहेत.

आणि येथेच मुळशी पुन्हा भेटते. या नव्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांतील लोकांना घरेदारे सोडावी लागली. त्यांत शेतकरी होते, मच्छीमारही होते. मच्छीमाराला जमिनीचा मोबदला देता येतो. बंदर कसे देणार? पुनर्वसनाचा हा वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला.

अलीकडे थैलीचे रूप पुन्हा बदलू लागले आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये अपेक्षित, पैकी सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योगांकडून व देणगीदारांकडून यावेत अशी कल्पना. २०२५ च्या जुलैत केंद्र सरकारने १ लाख कोटींची आणखी एक योजना मंजूर केली. तीत खाजगी उद्योगांना ऊर्जेसह नव्या तंत्रविद्येसाठी दीर्घ मुदतीचे, अल्प अथवा शून्य व्याजाचे कर्ज मिळावयाचे आहे. तारापूरच्या कर्जाच्याच तोंडवळ्याचे हे कर्ज. फरक एवढाच की, या खेपेस सावकार आपणच आहोत, आणि करारात इंधनाचे, जमिनीचे व मच्छीमाराचे कलम घालावयाचे की नाही, हेही आपल्याच हाती आहे.