आधी तोडणे, मग कळवणे: विजेच्या इशाऱ्यांचा इतिहास

सर्व्हरच्या रॅकमध्ये मागच्या बाजूला उभी बसवलेली सॉकेटांची लांब पट्टी म्हणजे रॅक पीडीयू. साधी पट्टी वीज नुसती वाटते. व्यवस्थापित पीडीयू वाटलेली वीज मोजते आणि बांधून दिलेली मर्यादा ओलांडली गेली की नेटवर्कवरून अलार्म पाठवते. मर्यादा आधीच बांधण्याची ही रीत संगणकांच्या आधीची आहे. ती वीजपुरवठ्याच्या जुन्या धंद्यात घडली आणि तिचे टप्पे पातूरसारख्या वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावीही दिसतात.

पहिला टप्पा फ्यूजचा. एडिसनने 1890 मध्ये त्याचे पेटंट घेतले. भार वाढला की तार वितळते आणि पुरवठा तुटतो. बिघाड कळतो तो अंधार झाल्यावर. 1924 मध्ये जर्मनीत ह्यूगो स्टॉट्झ यांच्या कंपनीत घडलेल्या छोट्या सर्किट ब्रेकरने तार बदलण्याची कटकट संपवली, पण आगाऊ सूचना त्यातही नव्हती.

ती आली ट्रान्सफॉर्मरकडून. माक्स बुखहोल्ट्स यांच्या 1921 च्या रिलेत दोन तरंगते गोळे असतात. तेलात वायू हळूहळू साचला तर वरचा गोळा खाली येऊन घंटा वाजवतो. तेल एकदम उसळले तर खालचा गोळा पुरवठा तोडतो. आधी इशारा आणि मग तोडणे, ही विभागणी इथे स्पष्ट झाली.

इशाऱ्यांची ही रीत वऱ्हाडातही आली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 20 जून 1960 रोजी स्थापन झाले. पातूरच्या शेजारच्या बाळापूर तालुक्यातील पारस येथे 1961 मध्ये 30 मेगावॉटचा संच सुरू झाला. अशा केंद्रांत आणि मोठ्या उपकेंद्रांत इशारे एका फलकावर येत. बिघाड झाला की त्याच्या नावाची खिडकी उजळते आणि भोंगा वाजतो. ऑपरेटरने बटण दाबले की भोंगा थांबतो, पण कारण दूर होऊन रीसेट होईपर्यंत खिडकी उजळलेलीच राहते.

शिवारातल्या डीपीला, म्हणजे वितरण रोहित्राला, मात्र असा फलक नव्हता. डीओ, म्हणजे तिथला फ्यूज, उडाला की ज्याचा पंप बंद पडला तोच वायरमनला सांगे. भारनियमनाच्या काळात पंप आपोआप चालू करणाऱ्या ऑटो स्विचची भर पडली. लाइन येताच फिडरवरचे सगळे पंप एकदम चालू होत आणि मोटारी सुरू होताना ओढला जाणारा जादा प्रवाह डीपी जाळी. म्हणून महावितरण ऑटो स्विच काढण्यास सांगत आली आहे.

हीच अडचण रॅकमध्येही येते. वीज परतल्यावर सगळे सर्व्हर एकत्र उठले तर ब्रेकर पडतो. त्यामुळे स्विचिंगची सोय असलेल्या पीडीयूत प्रत्येक सॉकेटला काही सेकंदांचा वेगवेगळा विलंब देता येतो. 1988 मध्ये एसएनएमपी हा नेटवर्क-शिष्टाचार आला आणि पुढे त्याच्या आधारे पीडीयूचे इशारे दूरच्या संगणकावर पोचू लागले. खिडक्यांच्या फलकाचे काम पडद्याने घेतले.

मर्यादा बांधताना जुन्या विभागणीसारखेच दोन टप्पे ठेवतात: आधी पूर्वसूचना, मग गंभीर अलार्म. सतत चालणारा भार क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंत ठेवण्याचा प्रघात आहे. 32 अँपिअरच्या पट्टीवर तो 25.6 अँपिअर होतो. गंभीर अलार्म तिथे लावतात. पण सर्व्हरला ए आणि बी अशा दोन पट्ट्यांतून वीज मिळत असेल, तर एक बंद पडताच तिचा सगळा भार दुसरीवर येतो. म्हणून पूर्वसूचना त्याच्या निम्म्यावर, 12.8 अँपिअरच्या आसपास लागते. किमान मर्यादाही हवी: भार अचानक घटला तर एखादा सर्व्हर बंद पडलेला असू शकतो. आकडा कमाल मर्यादेपाशीच घुटमळत राहिला तर इशाऱ्यांचा पाऊस पडतो. तो टाळण्यासाठी अलार्म मिटण्याची पातळी थोडी खाली ठेवतात आणि काही सेकंदांचा अवधी देतात.

वऱ्हाडात तापमानाची मर्यादाही महत्त्वाची ठरते. सर्व्हरकडे जाणारी हवा 18 ते 27 अंश सेल्सिअस असावी असा सर्वमान्य सल्ला आहे. अकोला जिल्ह्यात मे महिन्यात बाहेरचा पारा 45 च्या पुढे जातो. एसी बंद पडल्यास खोली लवकर तापते, तेव्हा पीडीयूला जोडलेल्या तापमापकाचा इशारा 27 अंशांवर बांधणे सोयीचे. शेवटी प्रत्येक कमाल मर्यादा थोडा वेळ चालू आकड्याच्या खाली आणून आणि किमान मर्यादा त्याच्या वर नेऊन, निरोप नेमलेल्या माणसापर्यंत पोचतो का, हे तपासतात आणि मगच मूळ आकडा परत भरतात.