पळालेला गुलाम आणि पळालेला कर्जदार

इतिहासावर बोलायला आम्हांला बोलावले, याचे आमचे आम्हांलाच नवल वाटते. शाळा आम्ही सातवीत सोडली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, करारनामे आणि कोर्टाचे निकाल वाचून. त्यामुळे एखादा जुना तह हाती आला तरी आमची नजर आधी एकाच गोष्टीवर जाते : काम सोडून निघून जाण्याची मुभा या माणसाला होती की नव्हती?

आजचा विषय इराणी आखाताच्या अरब किनाऱ्याचा आहे. अबूधाबी, दुबई, शारजा ही नावे नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलांमुळे घरोघर माहीत झाली आहेत. दीडशे वर्षांपूर्वी तिथे तेलाचा पत्ता नव्हता, मोती होते. ते मोती मुंबईच्या बाजारात येत. पुढे तर तिथल्या व्यवहारात आपलाच रुपया चाले. किनाऱ्यावरच्या शेखांवर नजर ठेवणारा इंग्रज रेसिडेंट समोर इराणात बुशायरला बसे, आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारचा नोकर होता. तेव्हा हा इतिहास वाटतो तितका परका नाही.

इंग्रजांनी गुलामांच्या व्यापाराला बंदी घातली, हे आपण शाळेत शिकलो. ते खरेच आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पळवून नेणे ही चाचेगिरी, असे १८२० च्या तहात शेखांकडून लिहून घेतले; १८४७ साली समुद्रमार्गे गुलाम आणण्याची बंदी त्यांनी मान्य केली. आरमाराने भर समुद्रात पकडलेल्या गलबतांतली माणसे सोडवली जात. त्यांतली काही मुले मुंबईस उतरवून नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनात ठेवली होती. लिव्हिंग्स्टनचा देह आफ्रिकेतून इंग्लंडला नेताना बरोबर असलेला जेकब वेनराइट हा तिथलाच विद्यार्थी. पण बंदी होती ती वाहतुकीवर. एकदा माणूस किनाऱ्यावर उतरला, विकला गेला, कामाला जुंपला गेला, की तो मालकाच्या घरचा मामला होई.

आता असा एखादा गुलाम पाण्यात उडी टाकून पोहत पोहत इंग्रज गलबताला येऊन चिकटला तर? ही काही कल्पना नव्हे. १८७५ च्या जुलैत लंडनहून आरमाराला एक परिपत्रक गेले. पळून आलेल्या गुलामाला, जिवावरचे संकट नसेल तर, कायमचा आसरा देऊ नये. आणि गलबत पुन्हा त्याच्या मुलखाच्या पाण्यात आले तर तो परत देण्यास पात्र समजावा. कारणही स्पष्ट दिले होते. मोत्यांच्या गलबतांवरचे सगळे गुलाम उद्या इंग्रज जहाजांवर चढून बसले, तर त्यांचे मालक धुळीला मिळतील आणि इंग्रजांविषयी त्यांचे मन कलुषित होईल! इतका प्रांजळ सरकारी कागद आम्ही फार थोडा वाचला आहे. इंग्लंडात गहजब झाला, सभा झाल्या, परिपत्रक मागे घ्यावे लागले. डिसेंबरात दुसरे काढले, त्यावरही गदारोळ. मग शाही कमिशन बसले. अखेर १८७६ च्या ऑगस्टात नव्या सूचना निघाल्या आणि माणुसकीला धरून निर्णय घेण्याचे कप्तानांवर सोपवले गेले.

येथवर गुलामाची बाजू थोडी तरी सावरली. पण त्या गलबतावर गुलामाच्या शेजारी, त्याच दोरीने, त्याच पाण्यात उतरणारा दुसराही माणूस होता. तो जन्माने स्वतंत्र, पण नाखवाचा कर्जदार. हंगामाआधी नाखवा त्याला उचल देई. हंगाम संपल्यावर हिशेब होई, आणि वही नाखवाची. मोती कमी निघाले की बाकी पुढल्या वर्षावर. दुसऱ्या नाखवाकडे जायचे तर आधीच्याची चिठ्ठी लागे. अंगावर बाकी किती, ते तीत लिहिलेले असे. बाकी फिटेना तेव्हा माणूस एकच करी : रात्री उठून शेजारच्या शेखाच्या हद्दीत पळून जाई. हद्दी जवळ जवळ होत्या, आणि शेजारचा शेख त्याला ठेवूनही घेई, कारण पाणबुडे त्यालाही हवेच असत.

यावरून भांडणे माजली. तेव्हा २४ जून १८७९ रोजी, रेसिडेंटच्या देखरेखीखाली, किनाऱ्यावरच्या शेखांनी आपापसांत करार केला. पळून आलेला कर्जदार परत द्यायचा. न दिल्यास पन्नास डॉलर दंड, त्याला मोती काढायला पाठवल्यास शंभर, आणि कर्जाची जबाबदारी वेगळीच. (डॉलर म्हणजे तिकडे चालणारे ऑस्ट्रियन चांदीचे नाणे, अमेरिकेचे नव्हे.) खुनी, दरोडेखोर शेजारच्या राज्याने परत द्यावा, हे समजते. इथे परत द्यायचा गुन्हेगार कोण? तर नाखवाचे देणे ठेवून निघून गेलेला मजूर.

इंग्रज अधिकाऱ्यांना यात विपरीत काही वाटण्याचे कारण नव्हते. हिंदुस्थानात त्यांचाच १८५९ चा कायदा होता. उचल घेऊन काम न करणाऱ्या कामगाराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, आणि हुकूम मोडला तर तीन महिने सक्तमजुरी! तो रद्द व्हायला १९२५ साल उजाडले. तरी उचल राहिलीच. ऊसतोडीच्या टोळीतून पळालेल्या एका जोडप्याला मुकादमाने जीपमध्ये घालून परत आणलेले आम्ही पाहिले आहे. चौकीत आम्ही तक्रार घेऊन गेलो, तर फौजदारसाहेब म्हणाले, "अहो, पण त्यानं पैसे घेतलेत ना?"

विसाव्या शतकात शारजा, बहारीन, बुशायर इथल्या इंग्रज कचेऱ्यांत पळालेले गुलाम येत. नाव काय, जन्म कुठला, कुणी पळवले, कुणी विकले, छळ काय झाला, असा जबाब होई आणि जमले तर मुक्तिपत्र मिळे. त्यांत आफ्रिकेचे होते, तसे मकरान किनाऱ्यावरून पळवून आणलेले बलुचीही होते. म्हणजे 'मला विकले' असे सांगणाऱ्याला निदान एक दार होते. 'माझ्या अंगावर बाकी आहे' असे सांगणाऱ्याला तेच दार बंद. आणि गुलाम पाणबुड्याच्याही नावावर बाकी चढवता येत होती, हे आपण विसरू नये. मालक हुशार असेल तर त्याने गुलामीचे नावच का काढावे? वही दाखवली की झाले.

अरबस्तानच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, जिद्द्याला, हाच प्रश्न दरबारी भाषेत चालला. २० मे १९२७ च्या तहात इब्न सौदने गुलामांचा व्यापार बंद करण्यास मदत कबूल केली. पण इंग्रज वकिलातीत आलेल्या गुलामाला मुक्त करण्याचा हक्क? तो तहात घातला नाही. सोबतच्या पत्रांत राखून ठेवला. राजाला तो सलत होता. १९३६ साली त्याने समुद्रमार्गे गुलाम आणण्यास बंदी करणारे नियम काढले आणि इंग्रजांनी तो हक्क सोडला. वकिलातीचे दार मिटले. गुलामी तिथे १९६२ पर्यंत कायद्याने चालू राहिली.

मोत्यांचा धंदा तोवर जपानी मोत्यांनी आणि मंदीने बुडवला होता. १९३२ साली बहारीनच्या पाणबुड्यांनी दंगा केला, तो उचल फारच कमी ठरवली म्हणून. उचल नको, असे म्हणण्याइतके पोट कुणाचे भरलेले नव्हते. बहारीनने १९३७ साली, कुवेतने १९४९ साली गुलामी बंद केली. कतारमध्ये तेल निघाले तेव्हा गुलाम तेलकंपनीत रोजंदारीवर जाऊ लागले. पगार त्यांच्या नावे होई आणि त्यातला मोठा वाटा मालक घेई. १९५२ साली तिथेही गुलामी रद्द झाली. नुकसानभरपाई दिली गेली, रुपयांत, ती मालकांना.