शून्य-पाचचा सारथी

मोटारींच्या शर्यतींची दोन घराणी आहेत. एका घराण्यातल्या मोटारी केवळ शर्यतीसाठीच जन्माला येतात. त्यांत एकच माणूस कसाबसा मावतो आणि बाजारहाटाला त्यांचा काडीचा उपयोग नसतो. दुसरे घराणे टूरिंग कारचे. तिथे दारात उभी राहणारी, मुलाबाळांना आजोळी पोचवणारी मोटारच पोटात काही बदल करून मैदानात उतरवतात. शेतातला बैल शंकरपटाला जुंपावा तशातला हा प्रकार! साहजिकच या घराण्यातल्या सारथ्याची कीर्तीही निराळ्या जातीची असते. पाहणाऱ्याला वाटते, ही तर माझीच गाडी. आणि ती हाकणाऱ्यावर त्याचा विश्वास बसतो तो घरच्या माणसावर बसावा तसा.

हा विश्वास मिळवणे, गमावणे आणि पुन्हा मिळवणे यांची सबंध कहाणी ऑस्ट्रेलियातल्या पीटर ब्रॉक नावाच्या सारथ्याच्या आयुष्यात सापडते. मी शाळामास्तर, यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण विश्वास हा मास्तराच्या रोजच्या धंद्यातला विषय. म्हणून वाचकहो, ही गोष्ट तुम्हांला सांगावीशी वाटते.

न्यू साउथ वेल्समध्ये बॅथर्स्ट नावाचे गाव आहे. गावाशेजारच्या माउंट पॅनोरमा या डोंगराभोवती १९३८ साली, मंदीच्या काळात लोकांच्या हाताला काम देण्यासाठी काढलेला रस्ता खुला झाला. सुमारे सव्वासहा किलोमीटरचा हा फेरा. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत १७४ मीटरांचा चढ, माथ्यावर नागमोडी वळणे आणि मग एकदम सरळसोट उतार. गंमत अशी की, हा रस्ता एरवी सर्वांना खुला असतो. त्याच्या कडेला लोकांची घरे आहेत आणि ताशी ६० किलोमीटरच्या वर वेग गेला तर दंड होतो. टूरिंग मोटारींची मोठी शर्यत १९६३ साली या डोंगरावर आली. होल्डन ही आपली देशी गाडी म्हणून मिरवणारे एका बाजूला आणि फोर्डवाले दुसऱ्या बाजूला, असे प्रेक्षकांचे दोन पंथच पडले.

ब्रॉकचा जन्म १९४५ सालचा. मेलबर्नजवळच्या हर्स्टब्रिज गावी तो वाढला. पोरवयातच एक जुनी ऑस्टिन-७ त्याच्या हाती आली. तिचा वरचा सांगाडा त्याने कुऱ्हाडीने तोडून टाकला आणि उरलेला सापळा रानात पळवला! पुढे लहानशा ऑस्टिन ए-३० मध्ये होल्डनचे इंजिन बसवून त्याने स्वतःच शर्यतीची गाडी घडवली. ही करामत जाणत्यांच्या नजरेत भरली आणि १९६९ साली तो प्रथम बॅथर्स्टला उतरला. पहिल्याच खेपेस त्याच्या गाडीचा तिसरा क्रमांक आला.

१९७२ साली पावसाने रस्ता निसरडा झाला होता. समोर ॲलन मोफॅटची आठ सिलिंडरांची धिप्पाड फोर्ड आणि ब्रॉकच्या हाती सहा सिलिंडरांची हलकी टोराना. कोरड्या रस्त्यावर जी ताकद कामाची, तीच ओल्या रस्त्यावर जड होते. पाचशे मैल एकट्याने गाडी हाकून ब्रॉक जिंकला. पुढच्या वर्षापासून शर्यत हजार किलोमीटरची झाली आणि दोन सारथी सक्तीचे झाले, त्यामुळे एकट्याने ही शर्यत जिंकणारा तो शेवटचाच ठरला. १९७९ सालचा पराक्रम त्याहून मोठा. जोडीदार जिम रिचर्ड्ससह तो सहा फेऱ्यांनी पुढे होता. उरलेले अंतर सावकाश काढले असते तरी कोणी काही म्हटले नसते. पण गड्याने अगदी शेवटच्या फेरीत वेगाचा नवा विक्रम नोंदवला! लोक त्याला ‘डोंगराचा राजा’ म्हणू लागले.

या राजाच्या गाडीवरचा आकडा मात्र वेगाची प्रौढी मिरवणारा नव्हता. व्हिक्टोरिया राज्यात १९६६ साली कायदा झाला की, रक्तातले मद्याचे प्रमाण ०.०५ टक्क्यांवर गेले तर गाडी चालवू नये. त्या नियमाच्या प्रचारासाठी ब्रॉकच्या गाडीवर ‘०५’ रंगवला गेला आणि तोच त्याचा कायमचा क्रमांक झाला. सर्वांत वेगवान माणूस संयमाची पाटी छातीवर लावून धावत होता. सरकारी जाहिरातीने जे साधत नाही, ते घरच्या माणसाच्या शब्दाने साधते.

१९८० पासून ब्रॉकने शर्यतीच्या संघाबरोबरच होल्डनच्या गाड्या सुधारून विकण्याचा व्यवसायही उभा केला. कंपनीचा पाठिंबा होता, गिऱ्हाईक खूश होते. आणि इथेच कथेला वळण लागले. चुंबक आणि स्फटिक घातलेली एक डबी गाडीत बसवली की गाडी सुधारते, अशी त्याची श्रद्धा बसली. ‘एनर्जी पोलरायझर’ हे त्या डबीचे नाव. अभियंत्यांना तिच्यात काही अर्थ दिसेना. ब्रॉक हटेना. अखेर फेब्रुवारी १९८७ मध्ये होल्डनने त्याच्याशी संबंध तोडले.

मला या प्रसंगाचे मोल विजयांहून अधिक वाटते. ब्रॉक लबाड नव्हता. त्याचा त्या डबीवर मनापासून विश्वास होता. पण मनापासून असणे आणि बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातातल्या कसबाने मिळवलेला मान प्रयोगाच्या जागी पुराव्यादाखल चालत नाही. गणिताच्या वहीत लाडक्या मुलाचेही उत्तर ताडून पाहावेच लागते.

नियतीचा खेळ पाहा! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, कंपनीचा आधार नसताना, तो बॅथर्स्टला उतरला. त्याची ०५ लवकरच बंद पडली. मग तो संघाच्या दुसऱ्या गाडीत बसला आणि पावसाने भिजलेल्या रस्त्यावरून तिसरा आला. पुढच्या दोन्ही फोर्ड गाड्या नियमभंगासाठी बाद झाल्या आणि बॅथर्स्टचा नववा विजय त्याच्या नावे लागला. डबी हरली, पण हात हरले नव्हते.

पुढे बीएमडब्ल्यू, मग चक्क फोर्ड, अशी वणवण करून तो १९९१ साली होल्डनच्या गाडीत परतला. लोकांनी त्याला पुन्हा आपला म्हटले. १९९७ साली त्याने नियमित शर्यतींचा निरोप घेतला, पण चाकाचा मोह सुटला नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका रॅलीत त्याची गाडी झाडावर आदळली आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तो गेला. मेलबर्नला सरकारी इतमामाने त्याचा अंत्यविधी झाला.

महिन्याभराने बॅथर्स्टच्या विजेत्यासाठी ‘पीटर ब्रॉक चषक’ प्रथमच ठेवला गेला. तो जिंकला जेमी व्हिन्कप आणि क्रेग लाउंड्स यांनी. लाउंड्स म्हणजे ब्रॉकच्या पंखाखाली वाढलेला, त्याच्याच संघातला जुना सहकारी. आणि त्या दिवशी त्याची गाडी होती फोर्ड!

२०१७ साली ऑस्ट्रेलियात होल्डन गाड्या बनवणे थांबले आणि २०२० मध्ये ते नावही बाजारातून उठले. ज्या गाडीवरून लोक भांडत, ती गेली. चषक मात्र राहिला, आणि कोणत्याही गाडीचा सारथी तो उचलू शकतो.