यादीत कोण नाही?

दुधनीच्या मैदानावर भिडू वाटताना शेवटी कोण उरायचं, आठवा. संघाची जुनी यादी हाती आली की हाच प्रश्न तिला विचारा.

१९२० ची मुंबईची चौरंगी स्पर्धा बघा. हिंदू संघातून पळवणकर बाळूंना वगळलं. वय ४४, म्हणजे कारण पटण्यासारखं. मीही आधी इथेच फसलो! पण कर्णधार पै आजारी असताना ज्येष्ठ विठ्ठलला डावलून देवधरांना नेमलं, हे शेजारी ठेवा. पळवणकर चर्मकार, देवधर ब्राह्मण. विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर निषेध करून संघ सोडला. अंतिम सामन्याला तिघेही परतले, बाळू उपकर्णधार म्हणून. विठ्ठल कर्णधार झाला तो १९२३ मध्ये.