वल्हांडण, बेने इस्राएल समाजातील

कोकणातील मराठीभाषक ज्यू समाजाचा, म्हणजे बेने इस्राएलांचा, एक प्रमुख धार्मिक सण. हिब्रू भाषेत यास ‘पेसाह’ म्हणतात. ईजिप्तमधील दास्यातून इस्राएली लोकांची मोझेसच्या नेतृत्वाखाली झालेली सुटका हा या सणाचा विषय होय. ईजिप्तमधील ज्येष्ठ संतती मृत्यू पावली, त्या रात्री ईश्वराने इस्राएलांची घरे ओलांडली, अशी कथा निर्गम ग्रंथात आहे. सणाच्या नावात हाच ‘ओलांडण्या’चा अर्थ आहे. हिब्रू पंचांगातील नीसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी संध्याकाळी सणाचा प्रारंभ होतो. हा काळ साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये येतो. धर्मग्रंथात सण सात दिवसांचा सांगितला असून इस्राएल देशाबाहेर तो आठ दिवस पाळण्याचा प्रघात आहे. या काळात खमीर घातलेले किंवा आंबवलेले धान्याचे पदार्थ वर्ज्य असतात.

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज सध्याच्या रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. ही घटना किहीमजवळच्या नवगाव येथे घडली असे मानतात. बुडालेल्यांना जेथे पुरले, ते दफनस्थान तेथे दाखविले जाते. पुढे हा समाज किनाऱ्यावरील व खाड्यांलगतच्या गावांत पसरला आणि गावांवरून त्याची आडनावे पडली. किहीमकर, नवगावकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर ही त्यांपैकी काही होत. तेल गाळणे व शेती हे त्यांचे मुख्य व्यवसाय असत. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव मिळाले.

हा समाज शतकानुशतके इतर ज्यूंपासून दूर राहिला. त्याच्याजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते व धर्मगुरूही नव्हते. कोचीनमधील ज्यू व्यापारी एझिकेल रहाबी याने १७६८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला पाठविलेल्या पत्रात मराठी मुलखातील या लोकांचा उल्लेख आहे. ‘शमा’ ही प्रार्थना आणि शब्बाथची विश्रांती यांखेरीज त्यांना ज्यू धर्माची माहिती नाही, असे त्यात म्हटले आहे. मात्र ग्रंथ व प्रार्थना यांवरून धर्मज्ञान मोजणाऱ्याच्या दृष्टीस घरगुती आचार सहसा पडत नाहीत. वल्हांडणाची आठवण बेने इस्राएलांनी जपली ती अशाच आचारांत, मुख्यतः स्वयंपाकघरात.

या सणाचे त्यांच्यातील जुने नाव ‘अनाशी धाकाचा सण’ असे होते. चटणीसारखे तोंडी लावण्याचे आंबट पातळ द्रव्य ज्यात ठेवीत, ते मातीचे भांडे सणाच्या दिवसांत झाकून ठेवीत. त्यावरून हे नाव पडले. नावात ईजिप्त, मोझेस वा सुटका यांपैकी कशाचाही उल्लेख नाही, परंतु आंबवलेल्या पदार्थाचा त्याग हा सणाचा गाभा त्यात टिकून राहिला आहे. यामागे कोकणचा आहार असावा, असा तर्क करता येतो. खमीराचा धर्मशास्त्रीय निषेध गहू, जव यांसारख्या पाच धान्यांना लागू होतो. कोकणात मात्र रोजचे अन्न भात व तांदळाची भाकरी हे होते. पावाचा प्रचार नसलेल्या घरात सोडण्यासारखे आंबवण म्हणजे हे भांडेच होते. म्हणून निषेध त्यास जाऊन चिकटला. पूर्व युरोपीय ज्यू या सणात तांदूळही वर्ज्य मानतात. बेने इस्राएलांत तो खाल्ला जातो.

इतर सणांची जुनी नावेही याच धाटणीची आहेत. नववर्षाचा ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्तदिनाचा ‘दारफाळणीचा सण’, तसेच ‘खिरीचा सण’ व ‘बिरड्याचा सण’ ही नावे घर व अन्न यांच्याशी निगडित आहेत. या सणांच्या यादीवरून समाजाचे प्राचीनत्व सिद्ध करण्याचा प्रयत्न हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी केला. बेने इस्राएलांचा त्यांनी लिहिलेला इंग्रजी इतिहास १८९७ मध्ये तयार झाला व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. हनुक्का हा सण जुन्या आचारांत नव्हता. त्याअर्थी तो रूढ होण्यापूर्वीच, म्हणजे इ. स. पू. दुसऱ्या शतकात, पूर्वजांनी मायदेश सोडला असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. एखादा सण नसण्यावरून काढलेले हे अनुमान निर्णायक मानता येत नाही, कारण दीर्घ एकांतवासात आचार लुप्तही होतात. वल्हांडणाच्या मराठी नावावरून काळ ठरत नाही. सण समाजाच्या बोलीत व घरात पूर्णपणे मुरला होता, एवढे मात्र त्यावरून निश्चित दिसते.

समाजास ग्रंथाधिष्ठित धर्माची ओळख करून देण्याचे श्रेय परंपरा डेव्हिड रहाबी याला देते. त्याच्या काळाविषयी मतभेद असून काही त्यास मध्ययुगात, तर काही अठराव्या शतकात ठेवतात. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर याने मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. १८२६ पासून कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी व त्यानंतर अरबी ज्यूंनी धर्मशिक्षण दिले. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांमुळेही हिब्रूचा अभ्यास वाढला. जॉन विल्सन याचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये निघाले. कोकणात रेवदंडा (१८४२) व अलिबाग (१८४८) येथे सिनेगॉग उभी राहिली.

या जागृतीमुळे वल्हांडणाच्या रात्रीचा ‘सेदेर’ हा विधी रूढ झाला. सेदेर म्हणजे क्रम. या विधीत कुटुंबातील मंडळी एकत्र बसून ‘हग्गादा’ या ग्रंथातून ईजिप्तमधून झालेल्या सुटकेची कथा वाचतात. ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असे घरातील लहान मूल विचारते आणि वडीलधारी मंडळी उत्तरादाखल कथा सांगतात. मुलाला कळेल अशा भाषेत सांगणे हे विधीचे प्रयोजन असल्याने हग्गादेचे मराठी भाषांतर आवश्यक ठरले. हिब्रू संहिता व मराठी भाषांतर असलेली हग्गादा १८४६ मध्ये मुंबईस शिळाछापावर छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यास निघालेली हग्गादा विशेष प्रसिद्ध आहे. तिच्यातील चित्रांवर युरोपीय हग्गादांची छाप असली, तरी मात्सा, म्हणजे बेखमीर रोटी, तयार करणाऱ्या स्त्रिया त्यांत लुगडे नेसलेल्या दाखविल्या आहेत.

हे चित्र सणातील सामुदायिक श्रमाचेही निदर्शक आहे. मात्सा गव्हाच्या पिठाची करतात. पिठास पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून व्हावी लागते; अन्यथा पीठ आंबले असे समजतात. त्यामुळे मळणे, लाटणे व भाजणे ही कामे अनेक हातांनी एकाच वेळी करावी लागतात. सणापूर्वी घरास चुना देणे, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेणे व घर खमीररहित करणे ही तयारी असे. मेंढराच्या रक्ताने हाताचा ठसा उमटविलेला कागद दारावर लावण्याची चालही पूर्वी होती. निर्गम ग्रंथातील दारावरच्या रक्ताच्या खुणेची ही आठवण होय. सेदेरच्या ताटात मात्सा, दास्याचे दुःख सुचविणारी कडू भाजी व विटांच्या चिखलाचे प्रतीक म्हणून खजुराचे गोड मिश्रण ठेवतात. द्राक्षमद्याऐवजी मनुकांचे सरबत वापरण्याची रीत समाजात आहे. सेदेरच्या वेळी एलिया प्रेषिताच्या आगमनाची वाट पाहतात. त्याच्याविषयी बेने इस्राएलांत विशेष भक्ती असून अलिबागजवळील खंडाळे येथे तो अवतरल्याच्या खुणा दाखविल्या जातात.

इस्राएलच्या स्थापनेच्या सुमारास (१९४८) समाजाची संख्या सु. २० हजार होती. त्यानंतरच्या दशकांत बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. तेथे त्यांच्या ज्यूपणाविषयी व विवाहांविषयी धर्माधिकाऱ्यांनी शंका उपस्थित केल्या; आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. एकांतवासात समाजाने कोणते आचार पाळले, हा प्रश्न त्यामुळे केवळ इतिहासाचा न राहता हक्कांचाही झाला होता. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

स्थलांतरामुळे सणाचे स्वरूप पालटले. किहीम-नवगाव परिसरातून व अलिबागच्या इस्राएल आळीतून बहुतेक घरे गेली. सेदेर हा मूलतः घरातील विधी; परंतु क्रम जाणणारी वडीलधारी मंडळी व प्रश्न विचारणारी मुले एका घरात मिळणे कठीण झाल्यावर मुंबई, ठाणे यांसारख्या ठिकाणी सिनेगॉगमधील सामुदायिक सेदेरला महत्त्व आले. पूर्वी एका घराचे भांडे झाकून पाळला जाणारा सण अशा रीतीने अनेक घरांनी मिळून पाळावयाचा झाला. त्याच्या मराठी नावाचा वापर मात्र मागे पडला असून ‘पेसाह’ हेच नाव आता सर्वत्र रूढ आहे.